लाल विडा, निळी परीक्षानळी

विडा रंगतो म्हणजे नेमके काय होते? प्रश्न पानठेल्यावरचा आहे आणि उत्तर रसायनशास्त्राचे. कात हा खैराच्या गाभ्याचा आटवलेला काढा. त्यात कॅटेचिन नावाचे फिनॉलिक द्रव्य भरपूर असते. सुपारीतही त्याच कुळातली टॅनिने असतात. चुना पडला की तोंडातला रस आम्लारिधर्मी होतो, ही द्रव्ये आपला हायड्रोजन सोडतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना गाठतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि ओठ लाल होतात. फिनॉल म्हणजे काय हे शिकवायला याहून सोपा प्रयोग नाही. सहा कार्बनचे कडे, त्या कड्याला थेट चिकटलेला ऑक्सिजन-हायड्रोजनचा जोड, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, आणि त्या जोडाची हायड्रोजन सोडून देण्याची तयारी, एवढाच त्याचा स्वभाव. एक गंमत मात्र इथेच नोंदवायला हवी. विड्याला ज्याचे नाव, त्या पानाचा या लाल रंगात वाटा फार थोडा. नागवेलीच्या पानातही फिनॉले आहेत, पण ती वेगळी. काही वासाची, काही तिखट, काही जंतूंना न मानवणारी, आणि डोळ्यांना बहुतेक न दिसणारी. त्यांचे पृथक्करण कसे करावे आणि केलेल्या पृथक्करणावर किती विश्वास ठेवावा, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. मला मांडायचे आहे ते एकच: पानातील फिनॉलांचा कोणताही आकडा त्या पानाच्या इतिहासासकट आला तरच ज्ञान ठरतो, आणि तो इतिहास प्रयोगशाळेत नव्हे, पानमळ्यात लिहायला सुरुवात होते.

नागपूरकराला हा पानमळा शोधायला फार लांब जावे लागत नाही. शहराच्या ईशान्येला सुमारे 50 किलोमीटरवर रामटेक आहे. गडावरच्या मंदिरांसाठी आणि कालिदासाच्या ‘मेघदूता’शी जोडलेल्या रामगिरीसाठी ते सर्वांना ठाऊक, पण विदर्भाच्या बाजारात त्याची दुसरी ओळख कपुरी पानाची. मध्य भारतात या वेलीची शेती पिढ्यान्‌पिढ्या बारई समाजाने केली. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर 1916 साली जो चारखंडी ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात या समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि नागपंचमीचे या समाजातले महत्त्वही त्यात येते. वेलीचे नावच नागवेल, तेव्हा ते ओघाने आलेच. वेल मुळात दमट, सावलीच्या प्रदेशातली. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या नागपूर जिल्ह्यात ती जगवायची म्हणजे तळ्याचे किंवा विहिरीचे पाणी, आधाराला झाडे, वाऱ्याला आडोसा आणि डोक्यावर सावली हे सगळे माणसाने पुरवायचे. म्हणून पानमळा हा शेतापेक्षा दवाखान्याच्या खोलीला जवळचा असतो, हे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटले तरी खोटे नाही. आणखी एक गोष्ट रसायनाच्या दृष्टीने मोलाची. नागवेलीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, पण मळ्यात बियांशी कुणाचे काम पडत नाही; वेल कांडीने लावतात. आज तोडलेले कपुरी पान अशा रीतीने शेकडो वर्षे कांडीमागून कांडी चालत आलेल्या वेलीचेच पान असते. त्याचा जनुकीय वारसा जवळजवळ स्थिर राहतो. मग एकाच वाणाच्या दोन पानांत फरक दिसला तर तो माती, पाणी, ऊन, वय आणि हाताळणी यांचा असण्याची शक्यता मोठी. इतका सोयीचा अभ्यासविषय निसर्ग फार क्वचित देतो.

आता द्रव्यांकडे. नागवेलीच्या पानातील फिनॉलांचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय रसायनज्ञांनी घेतला. जावातल्या पानांच्या तेलातून चॅव्हिकॉल वेगळे झाले, सयामच्या पानांतून चॅव्हिबेटॉल. त्यांच्या जोडीला युजेनॉल आहेच. तेच, जे लवंगेच्या तेलात असते आणि दाढ दुखली की कापसाच्या बोळ्यावरून आपल्याला भेटते. आणि चौथे हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल, ज्याची गोष्ट पुढे येईल. या चौघांचा सांगाडा एकच: सहा कार्बनचे कडे आणि त्याला तीन कार्बनांची शेपटी. फरक हायड्रॉक्सिल गटांचा. चॅव्हिकॉलवर तो एक. हायड्रॉक्सिचॅव्हिकॉलवर शेजारी शेजारी दोन. युजेनॉलवर एक हायड्रॉक्सिल आणि त्याच्या शेजारी मिथॉक्सी गट. आणि चॅव्हिबेटॉलवर तेच दोन गट, पण जागांची अदलाबदल करून. परिणाम असा की युजेनॉल आणि चॅव्हिबेटॉल यांचे रेणुसूत्र एकच, रेणुभार 164 हाही एकच. लाखो रुपयांच्या मास स्पेक्ट्रोमीटरला केवळ वजन विचारले तर त्यालाही या दोघांत फरक करता येत नाही. आधी त्यांना क्रोमॅटोग्राफीने वेगळे करावे लागते आणि मग शुद्ध प्रमाण द्रव्याशेजारी उभे करून ओळख पटवावी लागते. त्यात पानात या फिनॉलांची ॲसिटेट रूपेही सापडतात. त्यांत हायड्रॉक्सिल गटावर झाकण बसलेले असते, म्हणजे फिनॉल असून फिनॉलासारखे न वागणारी द्रव्ये. कुठल्या पानात यांतले काय किती, हे वाणावर ठरते. बंगला पानाला लवंगेची झाक असते ती युजेनॉलची; मिठा पान बडीशेपेसारखे लागते ते ॲनेथॉलमुळे, आणि ॲनेथॉलवर मोकळा हायड्रॉक्सिल गटच नाही. कपुरीचे नाव कापरावरून पडले, आणि कापूर तर फिनॉलांच्या कुळातलाच नव्हे. ज्या गंधावरून रामटेकचे पान ओळखतात तो गंध फिनॉलांच्या मोजणीत उतरेलच असे धरून चालता येत नाही, ते यामुळे.

असे असताना आपल्याकडच्या फार्मसी आणि वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांत पानातील फिनॉलांबद्दल सर्वाधिक छापला जाणारा आकडा कोणता? ‘एकूण फिनॉल, गॅलिक आम्लाच्या तुल्य मिलिग्रॅममध्ये’. हा आकडा येतो कुठून, ते नीट पाहिले पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. ऑटो फॉलिन आणि व्हिंटिला सिओकाल्टू यांनी 1927 साली एक अभिकर्मक सुधारून प्रसिद्ध केला. मॉलिब्डेनम आणि टंग्स्टन यांच्या आम्लांचे ते पिवळे मिश्रण. हेतू पानांचा नव्हताच. प्रथिनांमधील टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले मोजायची होती. समोर इलेक्ट्रॉन द्यायला तयार असलेले काही आले की हे पिवळे मिश्रण निळे होते. 1965 मध्ये सिंगलटन आणि रॉसी या कॅलिफोर्नियातल्या दोघांनी ही पद्धत वाइनमधील फिनॉले मोजण्यासाठी बसवून दिली, आणि तिथून ती जगभरच्या पानाफुलांवर पसरली. अर्क घ्यायचा, अभिकर्मक घालायचा, सोडियम कार्बोनेटने द्रावण आम्लारिधर्मी करायचे, थांबायचे, आणि 765 नॅनोमीटरवर निळेपणा वाचायचा. दुपारच्या आत वीस नमुने होतात. पण निळा रंग ‘फिनॉल’ असे म्हणत नाही. ‘मला कुणीतरी इलेक्ट्रॉन दिला’ एवढेच म्हणतो. तो देणारा क जीवनसत्त्व असू शकतो, काही शर्करा असू शकतात, प्रथिनेही असू शकतात, कारण मुळात पद्धत त्यांच्यासाठीच होती. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेला रेणू आणि एकच हायड्रॉक्सिल असलेला रेणू सारखा निळा रंग देत नाहीत. म्हणजे दोन पानांत फिनॉलांचे रेणू मोजून सारखे असले, तरी हायड्रॉक्सिचॅव्हिकॉलचे पान आणि युजेनॉलचे पान वेगळा आकडा दाखवू शकते. झाकण बसलेली ॲसिटेटे तर आणखी चमत्कारिक; सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात त्यांची काही झाकणे उडतात, काही राहतात, आणि किती उडाली हे तुम्ही किती वेळ थांबलात यावर अवलंबून. शिवाय हा सगळा हिशेब गॅलिक आम्लाच्या मापात लिहायचा. भाताचे पीक गव्हाच्या पायलीने मोजण्यासारखे आहे हे. मापायला हरकत नाही, पण त्या मापावरून भात कोलम होता की आंबेमोहर हे कुणी सांगू नये.

माप कशाचे घेतले हाही प्रश्न तितकाच मोठा, आणि त्याकडे दुर्लक्ष करणे तितकेच सोपे. ताज्या नागवेलीच्या पानात शंभर भागांतले 85 ते 90 भाग पाणी असते. शंभर ग्रॅम पाने वाळवली तर हाती येते ती 10 ते 15 ग्रॅम भुकटी. समजा, एका ग्रॅम ताज्या पानात 3 मिलिग्रॅम फिनॉल निघाले. वाळवताना काहीच गेले नाही असे गृहीत धरले, तर तेच पान भुकटीच्या हिशेबाने ग्रॅममागे 20 ते 30 मिलिग्रॅम दाखवेल. आणि भुकटीचा अर्क काढून, द्रावक उडवून, उरलेल्या चिकट गोळ्याच्या हिशेबाने आकडा दिला तर तो आणखी फुगेल. तिन्ही आकडे खरे. पण लेखांच्या सारांशात ‘ग्रॅममागे’ एवढेच छापले की वाचणारा एका लेखातले रामटेकचे पान दुसऱ्या लेखातल्या बंगालच्या पानापेक्षा दहा पट गुणी ठरवून मोकळा होतो. वर ‘काहीच गेले नाही’ असे धरले, तेही प्रत्यक्षात खरे नाही. यांतली कित्येक फिनॉले वाफेबरोबर निघून जाणारी आहेत, म्हणून तर ती ऊर्ध्वपातनाच्या तेलात मिळतात. पान ओव्हनमध्ये वाळवले की वास खोलीभर पसरतो, म्हणजे तेवढे द्रव्य नमुन्यातून गेले. उलट पान ओलेच कुटले तर पेशींत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली फिनॉले आणि त्यांना तपकिरी करणारी विकरे एकत्र येतात. कापलेले सफरचंद काळे पडते तसाच प्रकार. वाळवणे आणि कुटणे ही नोकराकडे सोपवायची कामे आहेत असा समज प्रयोगशाळांत रूढ आहे. पृथक्करणाचा निम्मा निकाल तिथेच लागून गेलेला असतो.

द्रावकाचे तर विचारूच नये. शोधनिबंधांत बहुधा मिथेनॉल असते, कारण ते फिनॉलांना चांगले ओढून काढते. पण घराघरांत हे पान कसे वापरले जाते? लहान मुलाला कफ झाला की पानाला एरंडेल लावून, कोमट करून छातीवर ठेवतात. ओव्याबरोबर पानाचा रस काढून मधातून चाटवतात. जेवणानंतर चुना लावून चघळतात. पहिल्या रीतीत द्रावक तेल आहे, दुसरीत पाणी, तिसरीत आम्लारिधर्मी लाळ. तिन्हींत पानातून वेगवेगळी द्रव्ये, वेगवेगळ्या प्रमाणात बाहेर येणार. मिथेनॉलचा अर्क त्यांपैकी कुठल्याच रीतीचा प्रतिनिधी नाही. शुद्ध रसायनाच्या दृष्टीने मिथेनॉल वापरण्यात काही गैर नाही; पानात एकंदर काय आहे ते त्याने कळते. गैर आहे ते पुढचे पाऊल, म्हणजे मिथेनॉलच्या अर्कातला आकडा दाखवून ‘परंपरागत उपयोगाला वैज्ञानिक आधार मिळाला’ असे निष्कर्षात लिहिणे. आधार हवा असेल तर पान कोमट एरंडेलात ठेवा आणि तेल तपासा. प्रयोग अवघड नाही, फक्त फॅशनबाहेरचा आहे.

आता मी ज्याला पानाचा इतिहास म्हणतो तो काय, ते सांगायला हवे. वेलीच्या शेंड्याचे कोवळे पान आणि खालच्या पेरावरचे जून पान यांत रासायनिक फरक असतो. झाड कोवळ्या भागाचे रक्षण वेगळ्या रीतीने करते. फिनॉले ही वनस्पतीसाठी कीड, बुरशी आणि तीव्र ऊन यांच्याविरुद्धची सामग्री. फेनिलॲलॅनिन या अमिनो आम्लापासून ती बनतात आणि ताण पडला की बनण्याचा वेग बहुधा वाढतो. पावसाळ्यात बुरशीशी झगडणाऱ्या वेलीचे, जानेवारीच्या थंडीतले आणि मेच्या झळांतले पान एकच मानणे म्हणूनच धाडसाचे. आणि तोडल्यावरही गोष्ट संपत नाही. बाजारात येणारी पाने कित्येकदा टोपल्यांत दडपून, अंधारात, उबेत ठेवून पिकवलेली असतात. हिरवेपणा जातो, पान पिवळट आणि मऊ होते, तिखटपणा उतरतो, किंमत चढते. हे पिकवणे म्हणजे पानातच चाललेले रसायन. मग ‘स्थानिक बाजारातून पाने विकत घेतली’ असे एका ओळीत लिहिणारा अभ्यासक नेमके कशाचे पृथक्करण करत असतो? वाण माहीत नाही, मळा माहीत नाही, तोडून किती दिवस झाले ते माहीत नाही, हिरवे की पिकवलेले तेही नाही. वनस्पतीचे लॅटिन नाव मात्र तिरप्या अक्षरांत, अगदी बिनचूक. पायपर बीटल हे नाव सांगते की ही नागवेल आहे. त्या नावाने कपुरी आणि बंगला यांतला फरक कळत नाही, आणि पानाच्या रसायनात तोच फरक सर्वांत मोठा आहे.

यावर पहिला आक्षेप प्रयोगशाळेतूनच येईल, आणि तो रास्त आहे. प्रत्येकाकडे क्रोमॅटोग्राफीचे एचपीएलसी यंत्र नसते, मास स्पेक्ट्रोमीटर तर नसतोच. फॉलिनची पद्धत स्वस्त, सोपी आणि वर्षानुवर्षे घासून पक्की झालेली आहे. तुलनेपुरती ती वापरली तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही. एकाच वाणाची पाने, एकाच पद्धतीने वाळवलेली, एकाच माणसाने एकाच आठवड्यात तपासलेली असतील, तर पावसाळी आणि उन्हाळी पानांतला फरक फॉलिनची नळी प्रामाणिकपणे दाखवेल. माझा विरोध पद्धतीला नाही. तिच्या तोंडी न बोललेली वाक्ये घालण्याला आहे. आणि पैशाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. थिन लेयर क्रोमॅटोग्राफीची एक पट्टी, शेजारी युजेनॉलचा शुद्ध ठिपका, वर फेरिक क्लोराइडचा फवारा, एवढ्यावर पानात कोण कोण आहे याचा निदान पहिला अंदाज येतो. शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेले ठिपके हिरवट काळे पडतात. आयुर्वेदीय औषधसंहितेतही वनस्पतीच्या ओळखीसाठी अशी पट्टी सांगितलेली असते, ते उगीच नाही. ज्या नागपुरात 1942 पासून लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी तेलांचे आणि रसायनांचे तंत्रज्ञान शिकवते आहे, तिथे ऊर्ध्वपातनाचे साधन दुर्मीळ म्हणता येणार नाही. आणि मी वर जो इतिहास मागितला, म्हणजे वाण, मळा, पेर, तारीख, तोडल्यापासूनचे तास, वाळवण्याची रीत, त्याला लागते एक वही. तिची किंमत अभिकर्मकाच्या बाटलीहून कमी आहे.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो. तांबूलाचे गुण आयुर्वेदात सांगितलेले आहेत, सुश्रुतसंहितेपासून त्याचा उल्लेख आहे, मग रसायनाच्या नळीची मान्यता हवी कशाला? या आक्षेपात परंपरेबद्दल आदर दिसतो, पण मला वाटते त्यात परंपरा नीट वाचलेली नाही. परंपरा ‘नागवेल चांगली’ एवढेच म्हणून थांबत नाही. ती जुन्या आणि कोवळ्या पानात भेद करते, वाणांत भेद करते, पान कोणत्या वेळी खावे ते सांगते, आणि विडा करताना देठ, टोक आणि शिर काढून टाकायला सांगते. म्हणजे एका पानाचे तिने चार भाग पाडले आणि त्यांतला एकच घेण्याजोगा ठरवला. इतकी काटेकोर विभागणी बाजारातून आणलेली पाने देठासकट कुटणाऱ्या आधुनिक प्रबंधात मला क्वचितच दिसते. परंपरेला मान्यतेची गरज नसेल, पण तिच्या विधानांना परीक्षेची संधी मिळायला हवी. परीक्षेत उतरेल असे नेमके विधान करण्याचे धाडस तिने केलेले आहे.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर. ज्या शहराच्या तोंडाला खर्रा लागला आहे, तिथे पानाचे गुण गाणे म्हणजे कर्करोगाला नवे निमित्त देणे नव्हे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली तंबाखूचा विडा, बिनतंबाखूचा विडा आणि निव्वळ सुपारी, तिन्ही माणसाला कर्करोगकारक ठरवली. यात शंकेला जागा नाही, आणि या प्रस्तावनेतले एकही वाक्य विडा खाण्याच्या बाजूचे समजू नये. पण आरोप कोणावर आहे ते पाहावे. खर्ऱ्यात सुपारी असते, तंबाखू असतो, चुना असतो, पान नसतेच. जुलै 2012 मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली, त्या पुड्यांतही पान नव्हते. पानठेल्याच्या पाटीवर पान आहे, आणि ठेल्यावर जास्त घोटला जातो तो खर्रा. पानाच्या बाजूने पुरावाही आहे आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील एस. व्ही. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली दाखवले की नागवेलीच्या पानातील हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल हे जिवाणूंवरील चाचणीत उत्परिवर्तन घडवणाऱ्या रसायनांचा प्रभाव कमी करते. हे वाचून पानाला निर्दोष सोडायचा मोह होतो. इथेच थांबायला हवे. हायड्रॉक्सिचॅव्हिकॉलवरच्या शेजारी शेजारी असलेल्या त्या दोन हायड्रॉक्सिलांना आम्लारिधर्मी वातावरणात ऑक्सिजन भेटला की तेच द्रव्य क्विनोनकडे वळते आणि वाटेत पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे उपद्रवी कण तयार होतात. विड्यात चुना असतोच. तैवानमध्ये तर सुपारीबरोबर याच वेलीचे फुलोऱ्याचे कणीस चघळतात, आणि त्यात सॅफ्रॉल हे संशयास्पद द्रव्य मोठ्या प्रमाणात असते. वेल एकच, भाग वेगळा, सोबती वेगळे, आणि निष्कर्ष उलटा. ‘नागवेल कर्करोगाला रोखते’ आणि ‘नागवेल कर्करोग करते’ ही दोन्ही वाक्ये सारखीच अर्धवट आहेत. कोणते द्रव्य, किती, कशाच्या सोबतीने, हे लिहिल्याशिवाय त्यांतले एकही पुरे होत नाही.

ॲन्टिऑक्सिडंट या शब्दाचा समाचार इथेच घेतलेला बरा. एकूण फिनॉलांच्या पाठोपाठ प्रबंधांत हमखास येते ती डीपीपीएच चाचणी: जांभळ्या रंगाचे एक स्थिर मुक्त मूलक (फ्री रॅडिकल) अर्कात टाकायचे आणि रंग किती उतरतो ते 517 नॅनोमीटरवर पाहायचे. फिनॉले जास्त तर रंग जास्त उतरतो, म्हणजे एकच गोष्ट दोन रंगांनी दोनदा मोजली, आणि दोन आलेख एकमेकांशी जुळले म्हणून समाधान. काचेच्या नळीतला हा गुण पोटातून रक्तात आणि रक्तातून पेशीत पोचतो का, हा वेगळाच प्रश्न आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याने खाद्यपदार्थांच्या अशाच नळीतल्या आकड्यांचा एक मोठा तक्ता वर्षानुवर्षे ठेवला होता. 2012 मध्ये तो मागे घेतला, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध सिद्ध होत नव्हता आणि जाहिरातदार मात्र त्यांचा मनसोक्त वापर करत होते. आपल्याकडे ती जाहिरात अजून चूर्णांच्या डब्यांवर आहे.

मग फिनॉलांचे पृथक्करण करून रामटेकच्या मळेकऱ्याला काय मिळणार, असे कुणी रोखठोक विचारले तर माझे उत्तर औषधाकडे जाणार नाही. बिहारच्या मगही पानाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, केरळच्या तिरूरच्या पानाला 2019 मध्ये. मानांकनाच्या दाव्यात पान इतरांहून वेगळे कसे, हे सांगावे लागते, आणि ‘चव न्यारी’ याहून भक्कम काही हाती असले तर बरे. कांडीने चालत आलेल्या वेलीचे, ऋतूनुसार आणि पेरानुसार नोंदवलेले, फिनॉले आणि बिगरफिनॉले दोन्ही दाखवणारे क्रोमॅटोग्राफीचे चित्र हा असा पुरावा होऊ शकतो. एकूण फिनॉलांचा एकुलता एक आकडा होऊ शकत नाही. कापराशी नाते सांगणाऱ्या पानाच्या बाबतीत तर मुळीच नाही. आणि या कामाची सुरुवात मी देठ, टोक आणि शिर काढून टाकण्याच्या त्या जुन्या सूचनेपासून करीन. रामटेकच्या एकाच मळ्यातली, एकाच दिवशी तोडलेली, तिसऱ्या-चौथ्या पेरावरची कपुरी पाने घ्यावीत. देठ एका बाटलीत, टोक दुसऱ्या, शिरा तिसऱ्या, उरलेले पाते चौथ्या. वजन करून, सावलीत वाळवून, चारही अर्क एकाच पट्टीवर शेजारी शेजारी चढवावेत, आणि आपल्या पूर्वजांनी तीन बाटल्या फेकून का दिल्या ते पाहावे.